दोन दारांची कॉन्टेसा

बोलतेय ती मीच. आत्ता ज्या गाडीभोवती तुम्ही दोन चकरा मारल्यात आणि जिच्या काचेत बघून हळूच केस नीट केलेत, ती. कॉन्टेसा माझं नाव. परदेशी भाषेत त्याचा अर्थ उमरावाची बायको असा होतो म्हणे. भाईंदरजवळच्या मुर्धा गावात आल्यावर माझी 'कंटेसा' झाली, आणि या उमरावाच्या बायकोला लोकांनी बिनदिक्कत सुक्या बोंबलांच्या पाट्या वाहायला लावल्या. तक्रार नाही. पण मोठ्या घरची आहे एवढं तुमच्या कानावर असावं.

माझा जन्म बंगालात, हुगळी नदीकाठच्या कारखान्यातला. अंगकाठी मात्र विलायती, कारण माझा साचा इंग्लंडहून आला होता. लांबलचक नाक, चौकोनी खांदे, पुढे चार गोल डोळे. त्या काळी रस्त्यावरच्या बाकी गाड्या एक तर पोट सुटलेल्या नाहीतर पत्र्याच्या डब्यासारख्या. त्यांच्यातून मी निघाले की लोक माना वळवायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. अजूनही आवडतं.

पार्ल्याच्या एका डॉक्टरांकडून मला रामनाथशेठ पाटलांनी घेतलं. रामनाथशेठ आगरी समाजातले, वाडवडिलांपासून मिठागरांवर काम करणाऱ्या घरातले. त्यांनी माझं नाक बघितलं नाही की खांदे बघितले नाहीत. डिकी उघडली, आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "चार गोण्या आरामात." माझ्या रूपाचं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

घरी आणलं तेव्हा चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. रामनाथशेठांची बायको शालन हिने मला ओवाळलं आणि बॉनेटवर उडालेलं नारळाचं पाणी पदराने पुसून घेतलं. मग पहिली फेरी मारायची ठरली. रामनाथशेठ स्टिअरिंगवर बसणार हे उघडच होतं. त्यांचे थोरले भाऊ बाबाजी शेजारी बसले. शालनबाई जरा बाजूला उभ्या होत्या. रामनाथशेठ पुन्हा खाली उतरले, वळसा घालून आले, माझं डावीकडचं मागचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, "शालू, बस."

अख्खं गाव बघत होतं. बायकोसाठी दार उघडून धरणारा नवरा मुर्ध्यात त्याआधी कुणी पाहिला नव्हता. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्यांच्यातल्या दोघीचौघींनी घरी जाऊन नवऱ्यांना टोमणेही मारले असणार. शालनबाई लाजत आत बसल्या. त्या दिवसापासून ते दार शालनबाईंचं झालं.

शालनबाई धवलारीण. आमच्याकडच्या लग्नांत ब्राह्मणाच्या मंत्रांइतकाच धवलारणीच्या गाण्यांना मान. देवांना, पितरांना लग्नाला बोलवायचं ते तिने, तिच्या आवाजात. शालनबाईंना लांबलांबची आमंत्रणं यायची. डोंगरी, उत्तन, वरसावे, पार वसईपर्यंत. दरवेळी रामनाथशेठ दार उघडून उभे राहायचे आणि शालनबाई पितळेचं तबक मांडीवर घेऊन मागे बसायच्या. पुढची सीट कधी बाबाजींची, कधी गावच्या सरपंचांची, कधी कुणा पाहुण्याची, आणि मुलं झाल्यावर मुलाची, प्रणयची. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पुरुषमाणूस पुढे आणि बाईमाणूस मागे हे सगळ्यांना पोटातूनच शिकवून पाठवल्यासारखं होतं. शालनबाईंची मुलगी हेमांगीसुद्धा, भावापेक्षा मोठी असून, मुकाट्याने आईशेजारी बसायची.

आता माझ्या उभं राहण्याबद्दल सांगते, कारण पुढचं रामायण त्याच्यावरून झालं.

गोण्यांच्या वजनाने माझी मागची बाजू बसायला लागली. आधी चार गोण्या, मग सहा, मग सहा गोण्या आणि वर एक काका. रामनाथशेठांनी काशिमिऱ्याला नेऊन मागे जाडजूड स्प्रिंगा घातल्या. मीठ भरलेलं असलं की मी सरळ, सोज्वळ दिसायचे. मीठ उतरवलं की मागचा भाग वर आणि नाक खाली. पोरं हसायची. "कंटेसा जमिनीचा वास घेतेय," म्हणायची. पुढे मिठागरांचं काम सुटत गेलं, गोण्या संपल्या, स्प्रिंगा मात्र तशाच राहिल्या. आणि मी कायमचीच अशी उभी राहिले.

रिकामी असताना त्या स्प्रिंगा फार दणके द्यायच्या. पुढे बसणाऱ्याला विशेष कळत नसे. मागे बसलेल्याला मात्र रस्त्यावरचा खडा न्‌ खडा मोजता यायचा. शालनबाई दारावरचा पट्टा धरून बसायच्या आणि मोठा खड्डा आला की तेवढ्यापुरतं गाणं थांबवायच्या. कधी बोलल्या नाहीत. मी समजत होते, बाई मजेत आहे. तिचं दार, तिची खिडकी, तिचा मान.

साथीच्या दुसऱ्या लाटेत रामनाथशेठ गेले. मला घराच्या मागे शेवग्याखाली लावलं आणि वर निळी ताडपत्री टाकली. त्या दिवसांचं काय सांगू. उंदरांनी वायरी खाल्ल्या. पावसाळे आले आणि गेले. एक मांजर माझ्या मागच्या सीटवर व्याली, तेवढीच काय ती सोबत. शालनबाईंनी लग्नांना जाणं कमी केलं. गेल्याच तर रिक्षाने जायच्या. जाताना ताडपत्रीवरून हात फिरवायच्या.

प्रणयचं लग्न ठरलं आणि माझे दिवस फिरले.

प्रणय ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. मोबाईलमध्ये त्याच्याकडे अमेरिकेतल्या जुन्या दांडग्या गाड्यांचे फोटो भरलेले, ज्यांना तो मसल कार म्हणतो. एक दिवस त्याने ताडपत्री ओढली, चार पावलं मागे गेला आणि नुसता बघत राहिला. मग फोटो काढून मीरा रोडजवळच्या हाटकेशच्या कुलदीपला पाठवला. कुलदीपचा तिथे गाळा आहे. जुन्या गाड्यांना नवं रूप द्यायचं हा त्याचा धंदा. घराणं पंजाबचं, पण वाढला मीरा रोडला, त्यामुळे बोलताना तो एका वाक्यात तीन राज्यं फिरून येतो.

मला टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागे ओढत हाटकेशला नेलं. कुलदीप खाली वाकून माझ्या मागच्या चाकांकडे बघत म्हणाला, "भाई, इसका स्टान्स तो पहलेसेच रेडी आहे. पीछे किसने उठाया?" उभं राहण्याच्या ढबीला तो स्टान्स म्हणतो.

"बाबांनी," प्रणय म्हणाला. "मीठ भरायचे."

कुलदीप हसून हसून बेजार झाला. "लोग पैसा देके ये करवाते आहेत, आणि तुझ्या बाबांनी नमक के लिए केलं."

मग दोघं त्या अमेरिकन गाड्यांचे फोटो बघत बसले, आणि मीही बघितले. आरशातून सगळं दिसतं. माझं नाक लांब म्हणून मी मिरवायचे, तर त्यांची नाकं माझ्याहून लांब. शेपटी आखूड. मागच्या चाकांवर मांड्यांसारखा फुगीर पत्रा, कारण इंजिनाची सगळी ताकद तिथूनच जमिनीला भिडते. मागचा भाग उचललेला, पुढचा दबलेला. रेघेवर उभा असलेला कबड्डीचा गडी कसा असतो, अजून हललेला नसतो पण आता सुटणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तशा त्या उभ्या. वेग अंगात असायला धावावंच लागतं असं नाही, हे मला तेव्हा कळलं. नुसतं उभं राहण्यातही तो दिसतो.

आणखी एक गोष्ट आवडली. त्या काही राजघराण्यातल्या नव्हेत. तिथल्या कारखान्यांनी मध्यम बांध्याची, घरातली बाजारहाट करणारी गाडी घ्यायची, तिच्या पोटात मोठं इंजिन कोंबायचं आणि तरुण पोरांना परवडेल अशा बेताने विकायची. म्हणजे मूळची घरचीच माणसं. मला वाटलं, अरे, या तर माझ्या मावसबहिणी.

फरक एकच होता. त्यांना दारं दोन, मला चार.

प्रणय तिथेच अडला. "मागच्या दाराने सगळी लाईन तुटते यार," तो म्हणाला. फोटोंतल्या गाड्यांच्या अंगावरून एकच रेघ पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत सलग जाते. माझ्या अंगावर ती मधेच दाराच्या फटीत पडते, हँडलवर अडखळते. कुलदीपने मागची दोन्ही दारं आतून वेल्डिंगने जोडायची, फटी भरायच्या, हँडलं काढून पत्रा गुळगुळीत करायचा असं सुचवलं. मागे बसायला पुढची सीट दुमडेल अशी करून देतो म्हणाला. प्रणयने क्षणभरही विचार केला नाही. रूपाचं वेड लागलेल्या माणसाला गाडी बाहेरून दिसते, आत कोण बसतं ते दिसत नाही.

ठिणग्या उडाल्या. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं. फटी भरल्या, घासून घासून पत्रा एकजीव केला. उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या, इंजिन पुन्हा सुरू झालं. मग गडद निळा रंग चढला, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे आले. मागे रुंद टायर बसले. मला गाळ्याच्या दारात उभं केलं तेव्हा समोरच्या चहावाल्याने ओतता ओतता किटली हातात तशीच धरली. मी तर हवेतच होते.

त्याच संध्याकाळी हेमांगी आली. ती लग्नानंतर भाईंदरच्याच इंद्रलोक भागात राहते. दोन दिवसांनी प्रणयच्या लग्नाची पहिली पत्रिका कार्ल्याला एकवीरा आईला द्यायला जायचं होतं. आमच्याकडे ती पत्रिका देवीपुढे ठेवल्याशिवाय दुसरी पत्रिका कुणाच्या हातात पडत नाही, आणि ती ठेवायची नवऱ्यामुलाच्या आईने. जायचं माझ्यातूनच, असं शालनबाईंनी एकदाच सांगितलं होतं. प्रणय चालवणार, पुढे शालनबाईंचे धाकटे भाऊ सुभाषमामा, मागे आई आणि हेमांगी.

हेमांगीने माझ्याभोवती एक फेरी मारली. माझ्या डाव्या कुशीपाशी थांबली.

"प्रणय, आई कुठून बसणार?"

"अगं, पुढची सीट फोल्ड होते आता. त्यातून मागे..."

"आई? तिचे गुडघे बघितलेस का तू? वाकून, सीट ओलांडून मागे शिरेल ती?" हेमांगीचा आवाज चढला नाही. तो बसत गेला. "बाबा ज्या दाराशी उभे राहायचे ना, ते दार तू वेल्डिंग करून टाकलंस."

प्रणय जिथे दार होतं तिथे बघत राहिला. तिथे त्याला स्वतःचाच चेहरा दिसत असणार, रंग इतका चकचकीत झाला होता. मग कुलदीपला म्हणाला, "खोल दे."

"भाई, पागल आहेस का? अंदरसे पूरा जोडलंय. कापलं तर पत्रा वाकणार, रंग जाणार. परसों कसं जाशील?"

"एकच उघड. डावीकडचं. दिसू दे कसं दिसायचं ते."

कुलदीपने ग्राइंडर हातात घेतला आणि परत ठेवला. सकाळी करतो म्हणाला. मला काय वाटलं ते विचारू नका. एका बाजूने माझी सलग रेघ, तिच्यावर आत्ताच जीव जडला होता. दुसऱ्या बाजूने शालनबाई. तबक मांडीवर घेऊन, पट्टा धरून, इतकी वर्षं माझ्या कुशीत बसलेली बाई. मी मनाशी म्हटलं, काप बाबा. सुंदर दिसायला मला आणखी कुठली तरी बाजू आहेच.

सकाळी ग्राइंडर सुरू व्हायच्या आधी शालनबाई आल्या. हेमांगीने रिक्षातून आणलं होतं. तिने वाटेत काही सांगितलं नसावं, कारण शालनबाई हसत होत्या. आधी पुढे आल्या, बॉनेटवरचे पांढरे पट्टे बघून म्हणाल्या, "मुंडावळ्या बांधल्यास हिला? आधी तुझं लगीन का हिचं?" मग सवयीने डावीकडून मागे गेल्या आणि हात पुढे केला.

हँडल नव्हतं. त्यांचा हात गुळगुळीत पत्र्यावरून घसरला. पुन्हा वर आला, पुन्हा शोधू लागला, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा. मग थांबला.

"दार कुठं गेलं?"

"आई, चुकलं माझं," प्रणय म्हणाला. "लक्षातच नाही आलं. हा आत्ता उघडतोय. बाबांचं... तुझं दार तसंच राहील."

शालनबाईंनी त्याच्याकडे बघितलं. ग्राइंडरकडे बघितलं. मग दोन पावलं पुढे आल्या, माझं पुढचं दार उघडलं, आणि एक हात छताला लावून, गुडघा सांभाळत, पुढच्या सीटवर बसल्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला त्यांचं वजन नवीनच वाटलं. त्यांनी पदर सारखा केला, मान वर केली आणि काचेतून समोर बघितलं. माझं नाक समोर पसरलेलं, वर ते दोन पट्टे, त्यापलीकडे गाळ्याचं उघडं शटर आणि त्याच्यापलीकडे हाटकेशचा रस्ता.

"अगो बाय," त्या म्हणाल्या. "एवढं लांब नाक हाय हिचं? मना कधी दिसलंच न्हाय."

कुलदीपने हातातलं फडकं घडी करून ठेवलं.

"आई, तिथे सुभाषमामा बसणार आहे," हेमांगी हळू आवाजात म्हणाली.

"सुभाष बसल मागं. माज्याहून बारका हाय तो, शिरल वाकून." शालनबाई समोरच बघत होत्या. "मागं बसून माज्या कंबरेचं पार भुसकाट झालं. आनि दिसाचं काय, तर बाजूचं जाताना दिसाचं. समोरचं येताना कधी दिसलं न्हाय."

"मग तू बोलली का नाहीस?" हेमांगी जवळजवळ रडत होती. "एवढी वर्षं?"

"कोनी इचारलं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. मग म्हणाल्या, "आनि तुजे बाबा दार उघडून उभे राहाचे. सगल्या गावासमोर. एवढ्या मायेनं दार धरून उभ्या राहिलेल्या मानसाला कसं सांगाचं, का मना हितं बसाचं न्हाय म्हनून?"

मला वाटायचं मी त्या बाईला ओळखते. तिचा आवाज, तिचे गुडघे, तिच्या बांगड्या काचेवर आपटायची लय, सगळं मला पाठ होतं. पण ती नेहमी माझ्या मागे होती. मी समोर बघणारी. मागच्याची पाठदुखी मला कुठून कळणार.

"माताजी," कुलदीपने विचारलं, "दार का क्या करू? खोलू?"

शालनबाई प्रणयकडे वळल्या. "तुला आवडतं हाय का असं?"

प्रणयने होकाराची मान हलवली.

"मंग राहू दे. पन एक कर. त्या मागच्या स्प्रिंगा मऊ घाल. मागं बसनारं पन मानूस असतं."

कुलदीपने स्प्रिंगा बदलल्या. माझी मागची बाजू दोन बोटं खाली आली. फोटोंतल्या मावसबहिणींइतकी मी आता उचललेली नाही, आणि जाणकार लोक बघून चुकचुकतात. मला काही वाटत नाही. उभं राहणं एवढं ताठ कशाला असावं, की आत बसलेल्याच्या हाडाला कळावं.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. सुभाषमामा सीट दुमडून मागे शिरले, आधी डोकं, मग पोट, मग चपला, आणि आत पोहोचल्यावर पंधरा मिनिटं आपल्या तरुणपणाबद्दल बोलत राहिले. हेमांगी त्यांच्या शेजारी. लग्नाच्या दिवशी करवली म्हणून तिला मानाने याच वाटेने आत जायचंय, तेव्हा तिचंही तोंड वाकडंच होतं. शालनबाई पुढे. मांडीवर पत्रिका, हळदकुंकू लावलेली. प्रणय दार उघडायला धावला होता, पण त्याच्या आधीच त्यांनी ते स्वतः उघडलं होतं.

वरसाव्याच्या नाक्यावर नेहमीसारखी कोंडी. शेजारी एक पांढरी लांबडी गाडी येऊन थांबली. आतल्या तरुणाने काच खाली केली, माझ्याकडे नाकापासून शेपटीपर्यंत बघितलं. इतकी वर्षं असे प्रश्न पुढच्या खिडकीत बसलेल्याला विचारले जायचे, आणि उत्तरं बाबाजी द्यायचे, नाहीतर पाहुणे.

"आंटी, गाडी कौनसी है? अमेरिकन है क्या?"

प्रणय उत्तर द्यायला पुढे वाकला. शालनबाईंनी हातानेच त्याला थांबवलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "माजी हाय."

पत्रिका देवीपुढे ठेवून आम्ही परत आलो. आता मी मुर्ध्यात घराच्या दारात उभी आहे, शेवग्याखाली नव्हे. लग्न तोंडावर आलंय. माझ्या बॉनेटवर दोघीतिघी फुलांच्या माळा मापून बघून गेल्या. शालनबाईंना पुन्हा दोन घरांकडून लग्नाची गाणी म्हणायचं आमंत्रण आलंय, आणि त्यांनी दोन्ही ठिकाणी विचारून घेतलं की गाडी अंगणापर्यंत येते ना. मी म्हातारी आहे, कधी बंद पडेन सांगता येत नाही. कधीतरी मलाही भंगारासाठी सरकारी यार्डात जावं लागेल. तोवर मी बघण्यासारखी आहे. या, बघा, हवं तर काचेत केसही नीट करा.

फक्त जाताना एक करा. तुमच्या घरातही मागे बसणारी कुणी असेल. आई असेल, बायको असेल, आत्या असेल. तुम्ही तिला मान देता, मायेने जागा देता, मला ठाऊक आहे. पण तिला एकदा विचारा, तुला कुठे बसायचंय. आणि तिचं उत्तर येईपर्यंत कुठलंच दार उघडून धरू नका.